म्हशींच्या तोंडचा घास

आजवर मला तीन पुरुषांनी स्वतःच्या हाताने भरवलं. एक माझे वडील. दुसरा माझा नवरा, तोही लग्नाच्या दिवशी आणि फोटोग्राफरने सांगितलं म्हणून. तिसरे आमचे साहेब. पहिल्या दोघांनी काय भरवलं ते आठवत नाही. साहेबांनी भरवलेला घास मात्र अजून टाळूला चिकटलेला आहे, कारण त्यांचं सगळंच टाळूला चिकटायचं.

तेव्हा मी तरुण होते, म्हणजे छप्पन्न वर्षांची. हसू नका. आता त्रेसष्टाव्या वर्षी मागे वळून बघते तेव्हा ती छप्पन्नची बाई मला अगदी पोरसवदा दिसते, आणि तिच्याइतकी शिष्ट पोर मी दुसरी बघितलेली नाही. अंबरनाथच्या एका बिस्किटाच्या कारखान्यात तिने वीस वर्षं प्रयोगशाळेत काढली होती. प्रयोगशाळा म्हणजे काय, तर बिस्किटं मोडायची, मोडताना आवाज कसा येतो ते ऐकायचं आणि वहीत लिहायचं. पण अंगात पांढरा कोट होता, त्यामुळे आपण शास्त्रज्ञ आहोत याबद्दल तिला शंका नव्हती. तो कारखाना बंद पडला आणि ही बाई धान्यापासून इंधन काढणाऱ्या एका कारखान्यात मुलाखतीला गेली.

साहेबांनी माझ्या कागदांकडे बघितलंच नाही. स्टीलच्या वाटीतून एक तपकिरी लाडू काढला, मोडला आणि अर्धा माझ्यासमोर धरला.

"खा."

मी खाल्ला. ओल्या पुठ्ठ्यात गूळ घातल्यासारखं काहीतरी होतं.

"कसा आहे?"

"छान आहे सर."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान टर्रकन फाडलं आणि त्याच्या पाठीवर लिहिलं, 'छान. (खोटं.)' मग म्हणाले, "सोमवारपासून या. खरं बोलायला हळूहळू शिकाल."

त्या कारखान्यात तांदळाची कणी आणि मका यायचा. दळून, शिजवून, आंबवून त्यातून अल्कोहोल काढायचं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळायला पाठवायचं, असा सगळा मामला. उरायचा तो चोथा. दिसायला ओल्या भुशासारखा, वासाला आंबूस. तो ट्रक भरभरून उल्हासनगरकडच्या तबेल्यांत जायचा आणि म्हशी तो मन लावून खायच्या. डोंबिवलीच्या माझ्या नणंदेला मी सांगितलं होतं की मी 'इंधन संशोधनात' आहे. दारू गाळतात तसलंच काहीसं यंत्र आमच्याकडे आहे, हे तिला कळलं असतं तर तिने श्रावणात माझ्या हातचं पाणी घेतलं नसतं.

साहेबांचं म्हणणं एकच, आणि ते दिवसातून पाच-सहा वेळा म्हणायचे. "बाई, गाडीला लागतो तो दाण्यातला स्टार्च. प्रथिनं काय गाडी खात नाही. ती सगळी चोथ्यात राहतात. म्हणजे म्हैस प्रथिनं खाते आणि आपली पोरं मैदा खातात. यात जनावर कोण?"

म्हशींशी त्यांचं खरोखरचं वैर होतं. तबेल्याचा ट्रक भरायला लागला की ते फाटकाशी जाऊन उभे राहायचे आणि मुलीची पाठवणी बघावी तसे बघायचे. एकदा तबेलेवाल्याला त्यांनी विचारलं, "तुमच्या म्हशी याचं काय करतात?" तो बिचारा म्हणाला, "साब, दूध देती हैं." त्या दिवशी साहेबांनी चहा बिनदुधाचा घेतला.

खिशात पेनाशेजारी त्यांचे दोन चमचे असत, एक चाखायचा आणि एक समोरच्याला चाखवायचा. मीटर वाचायला आलेला माणूस, कुरिअरवाला, विम्याचा एजंट, सगळ्यांना त्या दुसऱ्या चमच्यातून जावं लागे. रजेचा अर्ज घेऊन गेलं की आधी एक वडी, मग सही. कामगारांनी त्यांचं नाव चोथासाहेब ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. राहायला वांगणीला, एकटेच. डब्यात चोथ्याची भाकरी आणि ठेचा. ठेचा ते आम्हाला देत नसत. म्हणत, "ठेच्याबरोबर खाल्लं तर तुम्ही ठेच्याचं कौतुक कराल."

अजूनही रविवारी त्यांचा फोन येतो. कशा आहात, नातवंडं कशी आहेत, असलं काही नाही. पहिला प्रश्न असतो, "आज घरातलं काय फेकलंत?" मी म्हणते, "दुधीची सालं." पलीकडून असा उसासा ऐकू येतो की वाटावं, मी माणूस फेकला.

आता एवढं सांगितल्यावर तुम्हाला वाटेल, नुसताच वेडा. तसं नव्हतं. एका बाबतीत हा माणूस दगडाहून कडक होता. खायच्या चोथ्यासाठी कुठलं धान्य वापरायचं ते तो स्वतः ठरवायचा. नवा लॉट आला की ओंजळीत दाणे घ्यायचे, त्यावर तोंडाने गरम वाफ सोडायची, नाक खुपसून वास घ्यायचा, मग मूठभर दाणे एकेक करून चावायचे. त्यानंतर बुरशीच्या विषाची पट्टीवर चाचणी. सुनेने न्हाणीघरात बघितली होती तसलीच पट्टी, आणि नियमही तोच, दोन रेषा आल्या तर आनंदीआनंद. एकच आली तर माल बाद. इंधनासाठी भिजका, डागी दाणा चालायचा, गाडीला पोट नसतं. पण दाण्यात बुरशीचं विष असलं तर ते शिजवून जात नाही, गाळून जात नाही. स्टार्च निघून जातो आणि विष चोथ्यात गोळा होऊन बसतं, दाण्यात होतं त्याहून घट्ट. हे सगळं साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. मी मान डोलावली होती. वीस वर्षं बिस्किटं मोडलेल्या बाईला कोणी काय शिकवायचं?

चोथा माणसाच्या पोटात घालायचे त्यांनी नाना प्रकार केले. त्यातला दसऱ्याचा प्रयोग ऐकण्यासारखा आहे.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची. बॉयलरला हार, पंपाला हार, शेठच्या गाडीला सगळ्यात मोठा हार, आणि मग सगळ्यांना शिऱ्याचा प्रसाद. साहेबांनी आचाऱ्याला पटवून शिऱ्यात अर्धा रवा आणि अर्धा चोथा घालायला लावला. शंभरावर माणसं, सगळी खाणार, एवढी मोठी चाचणी फुकटात कुठे मिळणार? मी वही घेऊन दारात उभी. प्रत्येकाला विचारायचं, "प्रसाद कसा वाटला?"

सगळ्यांनी हात जोडून सांगितलं, "छान." चौकीदाराने दोनदा सांगितलं. शेठने डोळे मिटून गिळला आणि तेही म्हणाले, "छान."

मी धावत वर गेले. "सर, शंभर टक्के पसंती."

साहेबांनी माझ्या हातातली वही घेतली, बंद केली आणि शांतपणे म्हणाले, "बाई, प्रसादाला नाव ठेवणारा माणूस तुम्ही बघितलाय का कधी?"

मी बघितला नव्हता. त्यांनीही बघितला नव्हता, फक्त ते त्यांच्या लक्षात शिरा संपल्यावर आलं. एवढा हुशार माणूस, पण त्यालाही प्रसाद आधी आठवला आणि प्रसादाचा नियम नंतर.

खरं बोलणारं एकच माणूस त्या कारखान्यात होतं. गोमीबाई. बारवीकडच्या एका पाड्यावरून शेअर जीपने यायची, आमच्या खोलीत चोथा चाळायची, वाळवायची. रोजंदारीवर. तिला त्याच दिवशी साहेबांनी विचारलं तर म्हणाली, "सायब, देवाचा हाय म्हून गिळला. पर देवानं तरी का खावा असला?"

साहेब इतके खूश झाले की त्यांनी ते वाक्य कॅलेंडरच्या पानावर लिहून ठेवलं.

शेवटी वाट दाखवली ती उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या पापडवाल्या अम्मांनी. सिंधी बाई, सत्तरीच्या पुढच्या, दुमजली घराच्या गच्चीवर उडदाचे पापड लाटायच्या. साहेबांनी वाटी पुढे केली तेव्हा चिमूट तोंडात टाकून म्हणाल्या, "साईं, ये तो आपका भूसा है."

"भूसा नाही अम्मा. प्रथिनं."

"जो भी है. अकेला नाही चलणार. उडद के साथ डालो, चार में एक हिस्सा. बाकी काम काली मिर्च करेगी."

आणि केलं की हो काळ्या मिरीने काम. सिंध्यांकडे पाहुणा आला की आधी पापड आणि पाणी. अम्मांनी कोणाला न सांगता आठवडाभर हेच पापड पुढे ठेवले. आम्ही दोघं आतल्या खोलीत दाराआड बसलेलो, मी वही घेऊन आणि साहेब श्वास रोखून. बाहेर कोणीतरी पाहुणा म्हणाला, "अम्मा, एक और." साहेबांनी माझा दंड एवढा घट्ट धरला की घरी जाऊन मला हळद लावावी लागली.

त्यानंतर शेठनी पहिल्यांदा कान दिला. म्हणाले, शाळांना खाऊ पुरवणारा एक कंत्राटदार ओळखीचा आहे, त्याला सोमवारी आणतो. त्याला पापड पटले तर वेगळी खोली, वेगळा ड्रायर, आणि गोमीबाईसकट आठ बायका कायम. नाही पटले तर आहे ती खोलीही पशुखाद्याच्या गोण्या ठेवायला द्यायची आणि साहेबांचं पदच बंद. गोमीबाईने हे ऐकलं आणि मला विचारलं, "कायम म्हंजी पावसातबी पगार?" मी म्हटलं, हो. त्या दिवसापासून ती चोथा दोनदा चाळायला लागली.

आणि शुक्रवारी साहेबांची दाढ गेली. नवा मका तपासताना एक खडा दाताखाली आला. शनिवारी सकाळपर्यंत गालाचा लिंबू झाला होता. उल्हासनगरला डॉक्टरकडे जाताना गालावर रुमाल दाबून मला सांगून गेले, "कालचा तांदळाचा चोथा फ्रीजमध्ये आहे. तोच अम्मांकडे न्या. कमी पडला तर पापड कमी करा. मका अजून तपासलेला नाही, त्याला हात लावू नका."

इतकं साधं. नातवाला सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं असतं.

मी फ्रीज उघडला. रात्री केव्हातरी लाईट गेली होती, एप्रिलचा महिना, चोथा आंबून फसफसला होता. फेकावाच लागला. आता काय? सोमवारी कंत्राटदार येणार आणि ताट रिकामं? खाली यंत्रातून मक्याचा ताजा, गरम, पिवळा चोथा पडत होता. साहेबांना फोन करावा असं मनात आलं. पण मग ते म्हणाले असते, नको. म्हणून नाही केला. ही माझी तेव्हाची अक्कल.

पट्टीने तपासायला तरी काय हरकत होती? दहा मिनिटांचं काम. पण पट्ट्या साहेबांच्या कपाटात, कपाटाची चावी वांगणीला. खरं म्हणजे चावी त्यांच्या टेबलाच्या खणात होती आणि ते मला ठाऊक होतं. पण एकच रेषा आली तर काय, याची भीती वाटत होती. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही.

गोमीबाईने बादली भरता भरता नाक मुरडलं. "बाई, ह्याला कुबट वास येतोय."

"गरम धान्याला वास येतोच."

"गरम वास येगळा आन् कुबट येगळा. आमच्या कणगीत पानी शिरतं तवा असा येतो."

"गोमीबाई, प्रयोगशाळेत मी होते की तुम्ही?"

तिने बादली उचलली. ते वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते, पण या वयात कान जपलेले बरे.

रिक्षाने कॅम्प एकला गेले. अम्मा पीठ मळताना म्हणाल्या, "आज रंग पीला है."

"मका आहे."

"अच्छा." मग वास घेऊन म्हणाल्या, "मिर्च थोडी जास्ती डाल देती हूँ. पता नहीं चलेगा." मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू. पत्ता लागणार नाही, हेच तर हवं होतं. दोन दिवसांत गच्चीवर पापड खणखणीत वाळले.

सोमवारी शेठ आले, कंत्राटदार आला, सोबत त्याचा एक माणूस. गोमीबाई धुतलेलं लुगडं नेसून शेगडीवर पापड भाजत होती. साहेब आले ते गाल सुजलेला, अर्धंच तोंड उघडतंय. त्यांना पापड चावता येईना. कंत्राटदाराने पहिला तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि म्हणाला, "अरे वा. कुरकुरीत आहे एकदम."

साहेबांनी ताटातला एक पापड उचलला आणि उजेडात धरला.

"पिवळा का आहे?"

"मका वापरला सर," मी म्हटलं. "तांदळाचा खराब झाला."

"तपासला?"

"हो."

शेगडीपाशी गोमीबाईचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. "नाय तपासला सायब," ती म्हणाली. "वास येत हुता. मी बाईंना बोलले हुते."

आठ कायम बायकांमधली पहिली ती होती. हे तिला माझ्याहून चांगलं कळत होतं.

साहेब सरळ पुढे गेले आणि त्यांनी कंत्राटदाराच्या हातातली ताटली काढून घेतली. मग त्याच्या माणसाच्या हातातली. मग शेठची.

"माफ करा. हे खाऊ नका. तोंडात आहे ते थुंका."

"अहो, पण छान लागतंय," कंत्राटदार म्हणाला.

"मिरी आहे ना, लागणारच. तुम्ही हे शाळेतल्या पोरांना देणार. ती तुमच्यावर भरवसा ठेवून खाणार आणि तुम्ही माझ्यावर. मी लॉट बघितलेला नाही. चूक माझी."

मी तिथेच उभी होते. पांढरा कोट, इस्त्री केलेला. 'चूक माझी' हे दोन शब्द माझेही होते, पण मी ते त्यांना वापरू दिले. कंत्राटदाराने रुमालात थुंकलं, शेठकडे एक नजर टाकली आणि गाडी काढायला सांगितली. शेठ त्याच्यामागे धावले.

खोलीत आम्ही तिघं उरलो. साहेबांनी खणातून चावी काढली, पट्टी काढली, पापड कुटून चाचणी लावली. दहा मिनिटं लागणार होती. गोमीबाई उकिडवी बसून पट्टीकडे बघत होती.

दोन रेषा आल्या. लख्ख.

"बघा सर," मी जवळजवळ नाचलेच. "स्वच्छ होता. उगाच घालवलं सगळं. मी शेठना फोन करते, अजून फार लांब गेले नसतील."

"स्वच्छ होता हे आत्ता कळलं," साहेब म्हणाले. सुजलेल्या गालामुळे शब्द ओले येत होते. "त्याने घास घेतला तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं. फोन करून काय सांगाल? आम्ही तुमच्यावर प्रयोग केला आणि तो यशस्वी झाला?"

मी फोन ठेवला. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं, मला रडता तरी आलं असतं. त्यांनी फक्त कॅलेंडरचं पान फाडलं आणि चाचणीचा निकाल नीट अक्षरात लिहून ठेवला.

आठवड्यातच ठरलं. खोली गोण्यांना, साहेब महिनाअखेर घरी. मी दोन दिवस जेवले नाही, तिसऱ्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. लॉट मी बदलला, तपासला नाही, खोटं बोलले. वाटलं होतं, आता भूकंप होईल. शेठ मोबाईलवरून मान वर न करता म्हणाले, "मॅडम, कोणी का केलं असेना. पार्टी गेली ना? तुम्ही पशुखाद्याची टेस्टिंग बघा आता." म्हणजे कबुली देऊनही माझी नोकरी टिकली. इतकी पुचाट शिक्षा कोणाला झाली नसेल. पुढची चार वर्षं मी म्हशींच्या खाद्याच्या चाचण्या केल्या, एकही लॉट न सोडता. म्हशींनी कधी आभार मानले नाहीत.

साहेबांचा शेवटचा दिवस. त्यांनी चमचे खिशात घातले, कॅलेंडरची पानं पिशवीत भरली. कोपऱ्यात त्या सोमवारचे पापड डब्यात तसेच पडून होते, चांगले ऐंशी-नव्वद. गोमीबाईची बदली गोण्या शिवण्यावर झाली होती, रोजंदारीवरच. ती दारात येऊन म्हणाली, "सायब, ह्ये टाकायचे हायेत का? नसतील तर पाड्यावर नेते. पोरं खातील."

"खायला हरकत नाही," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा बाई. द्यायचे?"

चाचणी झाली होती. दोन रेषा मी डोळ्यांनी बघितल्या होत्या. पण ती एका पापडाची होती, आणि डबा महिनाभर बंद होता.

"थांबा," मी म्हटलं. डब्याच्या वरचे दोन, मधले दोन, तळाचे दोन असे पापड काढले, कुटले, पट्टी लावली. गोमीबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिची जीप बाहेर हॉर्न वाजवत होती. दुसऱ्या हॉर्ननंतर जीप गेली.

दोन रेषा आल्यावर मी डबा तिच्या हातात दिला. तिने तो काखेत मारला आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"शेटच्या पावन्याला न बघता वाढलंत," ती म्हणाली, "आन् माझ्या पोरांना दोनदा बघून. आता पुढची जीप तासानं हाय."

मी कोट काढून खुंटीला अडकवला आणि तिच्याबरोबर फाटकाबाहेर तासभर उभी राहिले.